हुगळी नदीवरील जलविमानतळ

ज्या ठिकाणी विमाने पाण्यावर उतरतात, पाण्यावरूनच उड्डाण करतात आणि जेथे उतारू, टपाल व इंधन यांची चढउतार करण्याची सोय असते, त्या स्थळास जलविमानतळ म्हणतात. असे तळ समुद्राची खाडी, सरोवर, धरणाचा जलाशय किंवा नदीचे रुंद पात्र यांवर असू शकतात. त्यांपैकी भरवस्तीतून वाहणाऱ्या नदीवरील तळ हा चालविण्यास सर्वांत अवघड प्रकार होय. भारतात या प्रकारचा सर्वांत महत्त्वाचा तळ कलकत्त्याजवळ हुगळी नदीवर होता. १९३८ पासून सु. अकरा वर्षे तो इंग्लंड व अतिपूर्व यांना जोडणाऱ्या हवाई मार्गावरील प्रमुख थांबा होता. आज नदीकाठी त्याची ठळक खूण उरलेली नाही. त्यामुळे मराठी वाचकांस, किंबहुना कलकत्तेकरांसही, त्याचे विस्मरण झाले आहे.

जलविमानांचे तीन प्रकार आहेत. साध्या विमानाच्या चाकांऐवजी होडीसारखे दोन पोकळ प्लव बसविले, की प्लवयुक्त जलविमान होते. ज्याचा धडच नौकेप्रमाणे बांधलेला असून तो थेट पाण्यावर टेकतो, त्यास उडती नौका म्हणत. चाके व प्लव दोन्ही असलेली विमाने उभयचर होत. हुगळीवर उतरणारी मोठी विमाने उडत्या नौकांच्या प्रकारातील होती. उडत्या नौकेच्या तळास मध्यावर एक आडवी पायरी ठेवलेली असते. वेग वाढताच विमान या पायरीवर उचलले जाते, पाण्याची ओढ कमी होते आणि उड्डाण शक्य होते. पायरी नसेल, तर पाणी धडाच्या मागील भागास चिकटून राहते आणि कितीही शक्तिमान एंजिन असले तरी विमान सुटत नाही.

विमान पाण्यावर उतरविण्यामागे साहसाची हौस नव्हती, व्यावहारिक अडचण होती. १९३० च्या सुमारास पक्क्या धावपट्ट्या फार थोड्या होत्या. बहुतेक विमानतळ म्हणजे गवताची सपाट मैदाने असत. विमानांचे वजन वाढू लागले तशी ही मैदाने अपुरी पडू लागली. पावसाळ्यात तर ती निरुपयोगीच होत. मुंबईचे उदाहरण बोलके आहे. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराची ते मुंबई अशी टपालवाहतूक सुरू केली, तेव्हा त्यांचे मुंबईतील स्थानक जुहूच्या मैदानावर होते. ते मैदान पावसाळ्यात चिखलात रुतत असल्याने दर वर्षी पावसाच्या महिन्यांत सगळे बिऱ्हाड पुण्यास हलवावे लागे. नदी किंवा सरोवर पावसाने चिखलमय होत नाही, त्यास लांबीरुंदीची टंचाई नसते आणि धावपट्टी बांधण्याचा खर्चही लागत नाही, असा उडत्या नौकांच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद होता. यातील शेवटचे विधान अर्धसत्य होते, हे पुढे स्पष्ट होईल.

भारताच्या आकाशात जलविमान प्रथम गाजले ते ॲलन कॉबम या इंग्रज वैमानिकामुळे. ३० जून १९२६ रोजी प्लव लावलेले विमान घेऊन तो इंग्लंडमधील मेडवे नदीवरून निघाला आणि कलकत्त्यामार्गे ऑस्ट्रेलियास जाऊन १ ऑक्टोबर रोजी परतला. परतताना तो लंडनमध्ये पार्लमेंटच्या इमारतीसमोर टेम्स नदीत उतरला. नगरातील नदी हेच नगराचे विमानद्वार होऊ शकते, ही कल्पना त्या एका दृश्याने लोकांच्या मनात ठसली. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९२८ मध्ये, शॉर्ट बंधूंच्या कारखान्यात बनलेली एक उडती नौका टेम्समध्ये त्याच परिसरात नांगरून लोकप्रतिनिधींना दाखविण्यात आली. तिचे नाव ‘कलकत्ता’ होते. या जातीच्या विमानांना भूमध्य समुद्रावरील व नंतर आफ्रिकेतील मार्ग मिळाले. ज्या शहराचे नाव त्यांनी धारण केले त्या शहराच्या नियमित सेवेत मात्र ती कधी आली नाहीत. १९२७-२८ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या चार ‘साउदॅम्प्टन’ उडत्या नौकांनी भारतीय किनाऱ्याने सिंगापूर व ऑस्ट्रेलियापर्यंत प्रवास केला. त्यामुळे या मार्गावरील पाण्याची, वाऱ्याची व बंदरांची पद्धतशीर माहिती गोळा झाली.

कलकत्त्यास इंग्लंडशी जोडणारी नियमित विमानसेवा जुलै १९३३ मध्ये सुरू झाली. ती जमिनीवर उतरणाऱ्या विमानांची होती व तिचे स्थानक दमदम हे होते. इंपीरियल एअरवेज ही ब्रिटिश कंपनी आणि हिंदुस्थान सरकारचा भाग असलेली इंडियन ट्रान्स-काँटिनेंटल एअरवेज ही कंपनी मिळून कराची-कलकत्ता हा टप्पा चालवीत. डिसेंबर १९३४ मध्ये ब्रिटिश सरकारने साम्राज्य टपाल योजना जाहीर केली. साम्राज्यातील पहिल्या वर्गाचे सर्व टपाल जादा आकार न घेता विमानाने नेण्याचे तीत ठरले. टपालाचे ओझे त्यामुळे एकदम वाढणार होते. त्यासाठी इंपीरियल एअरवेजने शॉर्ट बंधूंकडे अठ्ठावीस मोठ्या उडत्या नौकांची मागणी नोंदविली आणि तीही एकही नमुना उडण्यापूर्वी, केवळ आराखड्यांवर विसंबून. या विमानांचा अभिकल्पक आर्थर गूज हा होता. त्यांतील पहिले विमान ‘कॅनोपस’ जुलै १९३६ मध्ये उडाले.

एम्पायर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विमानाच्या पंखांचा विस्तार सु. ३४.७ मी., लांबी सु. २६.८ मी. व भारासहित वजन सु. १८,००० किग्रॅ. होते. प्रत्येकी ९२० अश्वशक्तीची चार ब्रिस्टल पेगॅसस एंजिने त्यास बसविलेली असत. वेग ताशी सु. २६५ किमी. होता. धडात दोन मजले होते. वर वैमानिक व टपाल आणि खाली उतारू अशी रचना असे. दिवसा चोवीस उतारू बसू शकत, तथापि लांबच्या मार्गावर टपालाला अग्रक्रम असल्याने सतरापर्यंतच उतारू घेत. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. हुगळीवरील तळ मुख्यतः पत्रांसाठी होता, माणसांसाठी नव्हे. दूरदेशी असलेल्या नातलगाचे पत्र आगबोटीने येण्यास आठवडे लागत. तेच आता काही दिवसांत येऊ लागले आणि हा लाभ, विमानात कधीही पाऊल न ठेवणाऱ्या सामान्य माणसाला मिळाला.

साम्राज्य टपाल योजना २३ फेब्रुवारी १९३८ पासून हिंदुस्थानास लागू झाली आणि त्याच वर्षाच्या मध्यास साउदॅम्प्टन ते सिडनी ही अखंड उडत्या नौकांची सेवा सुरू झाली. सिंगापूरपुढील टप्पा क्वांटस एम्पायर एअरवेज सांभाळीत असे. हा संपूर्ण प्रवास नऊदहा दिवसांचा होता. भूमध्य समुद्र, टायबीरियस सरोवर, हब्बानिया सरोवर, बसरा, बहरीन व दुबई असे थांबे घेत विमान कराचीजवळच्या कोरंगी खाडीत येई. तेथून कलकत्त्यापर्यंतचा मार्ग समुद्रावरून नव्हे, तर उपखंडाच्या पोटातून जाई. राजस्थानातील राजसमंद, ग्वाल्हेरजवळील माधोसागर, नंतर अलाहाबाद आणि शेवटी हुगळी असे चार जलथांबे या वाटेवर होते.

या मार्गाकडे पाहिले, की एक गोष्ट विशेष जाणवते. वाळवंट व पठारी मुलूख ओलांडणाऱ्या या विमानांना देशी राज्यकर्त्यांनी बांधलेल्या जलाशयांचा आधार घ्यावा लागला. राजसमंद हे सरोवर मेवाडचा राणा राजसिंह याने सतराव्या शतकात बांधविले व त्याचे काम दुष्काळग्रस्तांना मजुरी देऊन झाले होते. त्याच्या बांधावर पंचवीस शिळांवर कोरलेली संस्कृत राजप्रशस्ती आहे. तिच्याच समोरच्या पाण्यात विसाव्या शतकात चार एंजिनांची विमाने उतरली. माधोसागराचा संबंध शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानाशी होता. दुष्काळनिवारणासाठी व सिंचनासाठी साठविलेले पाणी आंतरराष्ट्रीय हवाई मार्गाच्या कामी यावे, हा योगायोग इतिहासकाराच्या नजरेतून सुटू नये.

मुंबई या मार्गावर नव्हती. कराचीहून दक्षिणेकडील टपाल टाटांची विमाने अहमदाबाद, मुंबई, मद्रास व पुढे कोलंबो येथे पोचवीत. मुंबईचे बंदर उडत्या नौकांसाठी अयोग्य होते असे नाही. मात्र सिंगापूरकडे जाणाऱ्या वाटेस मुंबई हा वळसा पडत होता आणि साम्राज्याच्या दृष्टीने वेळेची बचत हीच निर्णायक बाब होती.

कलकत्त्यास उडत्या नौका शहराच्या मध्यभागी उतरत नसत. हावड्याच्या पुलाजवळील नदी आगबोटी, पडाव, गाधाबोटी व फेरीनौका यांनी गजबजलेली असे. म्हणून उत्तरेकडे, बाली व दक्षिणेश्वर यांना जोडणाऱ्या विलिंग्डन पुलाजवळचे पात्र निवडण्यात आले. हा पूल डिसेंबर १९३१ मध्ये खुला झाला. त्याचेच पुढे विवेकानंद सेतू असे नामकरण झाले. एका काठास दक्षिणेश्वराचे कालीमंदिर, जवळच बेलूर मठ, दोन्ही काठांस तागाच्या गिरण्यांची धुराडी आणि मध्ये पाण्यावर डुलणारे रुपेरी विमान, असे तेथील दृश्य होते.

येथील अडचणी समजून घेतल्या, म्हणजे नदीवरील तळ स्वस्त नसतो हे ध्यानात येते. हुगळीस समुद्राची भरती-ओहोटी चढते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरतीच्या तोंडाशी पाण्याची भिंतीसारखी लाट नदीतून वर येते. बंगालीत तिला ‘बान’ म्हणतात. नांगरलेली नौका या लाटेच्या तडाख्यात सापडली, तर दोर तुटून ती भरकटते. विमानाचे पंख दोन्ही अंगांना पसरलेले असल्याने त्यास धोका अधिक. यांखेरीज पावसाळ्यात वरच्या भागातून झाडांचे ओंडके, जलपर्णीचे पुंजके व इतर तरंगणारा कचरा वाहत येतो. उतरत्या विमानाचा वेग लक्षात घेता पाण्याखाली अर्धवट बुडालेला एक ओंडकाही धडास भोक पाडण्यास पुरेसा असतो. म्हणून विमान येण्यापूर्वी यांत्रिक नावांनी ठरावीक पट्टा पाहून मोकळा करावा लागतो, होड्या बाजूस घ्याव्या लागतात आणि वाऱ्याची दिशा दर्शवावी लागते. अंधारात उतरावयाचे झाल्यास दिवे लावलेल्या नावांची रांग उभी करावी लागते. याउलट पाणी अगदी आरशासारखे शांत असले, तरीही वैमानिक अडचणीत येतो, कारण पृष्ठभाग नेमका किती खाली आहे याचा अंदाज डोळ्यांना येत नाही. अशा वेळी एखादी नाव मुद्दाम फिरवून पाण्यावर लहरी उठवितात. उतारूंना नावेतून आणणे-नेणे, इंधनाचा पडाव विमानाशेजारी अलगद लावणे, प्रवाहात विमान तरंगत्या पिंपास बांधणे ही सर्व कामे नदी जाणणाऱ्या माणसांचीच होती. हवाई कंपन्यांचा इतिहास लिहिताना वैमानिकांची नावे येतात. ज्यांच्या हातात दोर व सुकाणू होते त्यांची येत नाहीत.

नदीने एकदा आपला हिसका दाखविलाच. १२ जून १९३९ रोजी एम्पायर जातीचे ‘सेंच्युरियन’ हे विमान कलकत्त्यास हुगळीवर उतरताना अपघातग्रस्त होऊन बुडाले. त्याच वर्षी मार्चमध्ये आफ्रिकेतील मार्गावर ‘कॉर्सेअर’ हे त्याच जातीचे विमान वाट चुकून बेल्जियन काँगोमधील डुंगू नदीच्या अरुंद पात्रात उतरले होते. ते पुन्हा उडविता यावे म्हणून नदीवर बांध घालून पाण्याची पातळी वाढवावी लागली आणि जानेवारी १९४० मध्ये ते सुटले. नदीवर विमान उतरविणे आणि तेथून ते वर नेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा इतका चांगला दाखला दुसरा नाही.

दुसऱ्या महायुद्धाने या तळाचे स्थान बदलले. इंपीरियल एअरवेजच्या जागी आलेल्या ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशन (बीओएसी) या सरकारी महामंडळास, जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर, भूमध्य समुद्रावरील मार्ग बंद करावा लागला. तेव्हा दक्षिण आफ्रिकेतील दरबानपासून कैरो, कराची व कलकत्ता यांवरून सिडनीपर्यंत घोड्याच्या नालेच्या आकाराचा नवा मार्ग आखण्यात आला. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, पुढच्या महिन्यात रंगून गेले आणि पूर्वेकडील वाट तुटली. कलकत्ता हा मधला थांबा राहिला नाही. तो मार्गाचा शेवट झाला. बालीजवळच्या पात्रापलीकडे आता युद्धक्षेत्र होते.

भारतातील नद्यांनी या काळात आणखी एक कामगिरी पाहिली. १९४४ च्या जून-जुलैमध्ये उत्तर ब्रह्मदेशातील चिंडिट सैन्यातील आजारी व जखमी सैनिक ऐन पावसाळ्यात अडकून पडले होते. ब्रिटिश हवाई दलाच्या २३० क्रमांकाच्या पथकातील दोन संडरलंड उडत्या नौका इंदवजी सरोवरात उतरून त्यांना डोंगररांगांवरून आसामात दिब्रुगढ येथे आणीत. तेथे विमाने पुराने फुगलेल्या ब्रह्मपुत्रेत उतरत. अशा रीतीने पाचशेहून अधिक माणसे सोडविण्यात आली. त्या हवेत जमिनीवर उतरणाऱ्या विमानांना हे साधणारे नव्हते. उडत्या नौकेच्या बाजूने बोलावयाचे, तर याहून बळकट पुरावा देता येणार नाही. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात पर्थ शहरातून वाहणाऱ्या स्वान नदीवरून क्वांटसची कॅटलिना विमाने श्रीलंकेतील कोग्गल सरोवरापर्यंत सत्तावीस ते तेहतीस तासांचे अखंड उड्डाण करीत होती. उतारूंना वाटेत दोनदा सूर्योदय दिसे, म्हणून या सेवेस दुहेरी सूर्योदयाचे नाव मिळाले.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये बीओएसीच्या हाइथ वर्गाच्या उडत्या नौका इंग्लंडमधील पूल बंदरातून कराची व कलकत्त्यामार्गे पुन्हा पूर्वेकडे जाऊ लागल्या. परंतु ज्या कारणासाठी जलविमानतळ जन्मास आले, ते कारणच युद्धाने नाहीसे केले होते. लष्कराने बंगाल, आसाम व इतरत्र जागोजागी लांब पक्क्या धावपट्ट्या बांधल्या होत्या. मोठी विमाने त्यांवर रात्री-अपरात्री, भरती-ओहोटीची वाट न पाहता उतरू शकत. १९४९ मध्ये पूर्वेकडील मार्गांवर अर्गोनॉट ही जमिनीवरील विमाने आली व उडत्या नौका मागे घेण्यात आल्या. नोव्हेंबर १९५० मध्ये या महामंडळाची उडत्या नौकांची अखेरची सेवाही थांबली. हुगळीवरील तळ मोडण्यासाठी फारसे काही करावे लागले नाही. तरंगती पिंपे काढली, नावा दुसरीकडे गेल्या आणि पात्र पुन्हा मच्छीमार व फेरीवाल्यांचे झाले. स्वतंत्र भारताच्या नौदलाने मात्र जलविमान सोडले नाही. त्याचे पहिले विमान शॉर्ट सीलंड हे उभयचर विमानच होते व ते फेब्रुवारी १९५३ मध्ये कोचीनला आले.

एकविसाव्या शतकात ही कल्पना पर्यटनाच्या निमित्ताने परत आली. ३० डिसेंबर २०१० रोजी अंदमानात पवनहंसची ‘जलहंस’ सेवा सुरू झाली. केरळात जून २०१३ मध्ये कोल्लम येथे मोठा गाजावाजा करून उद्घाटन झाले, परंतु अलप्पुझाच्या पाण्यात मच्छीमारांच्या विरोधामुळे विमान उतरूच शकले नाही. महाराष्ट्रात ऑगस्ट २०१४ मध्ये जुहू ते अँबी व्हॅली अशी सेवा मेहेर या कंपनीने राज्य पर्यटन विकास महामंडळाच्या सहकार्याने आरंभिली. पवना, वरसगाव व धोम या धरणांबरोबरच अहमदनगर जिल्ह्यातील मुळा धरणाचेही नाव तिच्या योजनेत होते. ही सेवा टिकली नाही.

नगरातील नदीवरचा नवा प्रयोग अहमदाबादेस झाला. १२ डिसेंबर २०१७ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी साबरमतीवरून धरोई धरणापर्यंत एका एंजिनाच्या जलविमानातून गेले व ३१ ऑक्टोबर २०२० रोजी साबरमती ते केवडिया अशी सु. २०० किमी. अंतराची नियमित सेवा त्यांच्या हस्ते सुरू झाली. येथील नदी हुगळीच्या अगदी उलट आहे. वासणा बंधाऱ्याने अडविलेले व नर्मदा कालव्यातून आणलेले हे पाणी आहे. दोन्ही काठ बांधून काढलेले असून भरती नाही, पूर नियंत्रित आणि नौकांची वर्दळ विरळ. केवडियाच्या बाजूस मात्र जलाशयातील मगरी पकडून अन्यत्र हलवाव्या लागल्या होत्या. इतकी अनुकूलता असूनही सेवा एप्रिल २०२१ मध्ये थांबली. विमान सु. पन्नास वर्षांचे, मालदीवमधून भाड्याने आणलेले व तेथेच नोंदलेले होते. पहिल्या महिन्याच्या अखेरीसच ते दुरुस्तीसाठी मालदीवला परत पाठवावे लागले. राज्य शासनाचे या प्रकल्पावर तेरा कोटी रुपयांहून अधिक खर्ची पडले. नदी तयार होती, पण विमान धुण्याची, तपासण्याची व दुरुस्त करण्याची जागा आणि ते करणारी माणसे देशात नव्हती. १९३८ मध्ये हुगळी प्रतिकूल होती तरी तळ चालला, कारण त्यामागे कोरंगीपासून साउदॅम्प्टनपर्यंत कार्यशाळांची साखळी आणि टपालाचे निश्चित उत्पन्न होते.

दख्खनच्या पठारावरील जलाशयांचा विचार करताना हाच निकष लावला पाहिजे. शेवगाव तालुक्याच्या उत्तर भागास लागून पसरलेला पैठणचा नाथसागर हा विस्ताराने सु. ३५० चौ. किमी. आहे. १९७६ मध्ये धरणाचे उद्घाटन झाल्यापासून त्याकडे पाहणाऱ्यास विमान येथे सहज उतरेल असे वाटते. परंतु जलाशय उथळ आहे. उन्हाळ्यात पाणी दूरवर मागे सरते आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात. पावसाळ्यात बांधलेला धक्का वैशाखात कोरड्या रानात उभा राहील. शिवाय १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे व हिवाळ्यात, म्हणजे पर्यटनाच्या ऐन हंगामात, येथे पाणपक्ष्यांचे मोठे थवे उतरतात. पक्षी व विमान यांची टक्कर दोघांच्याही जिवावर बेतते.

ऑगस्ट २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जलविमानांचे नियम सुलभ केले. त्यानंतर ९ नोव्हेंबर २०२४ रोजी विजयवाडा येथे प्रकाशम बंधाऱ्याच्या फुगवट्यावरून श्रीशैलमपर्यंत प्रात्यक्षिक उड्डाण झाले. महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णेवर, मोठ्या शहराच्या काठी, अशा रीतीने जलविमान आले. दोनच दिवसांनी कोचीच्या बोळगाट्टी येथून मट्टुपेट्टी धरणापर्यंत तसेच उड्डाण करण्यात आले.